शुद्ध केलेली साक्ष

२ फेब्रुवारी

आमच्या प्रार्थनासभेच्या वार्षिक अहवालात चिटणीसबाईंनी लिहिले आहे, 'अठरा जानेवारी रोजी निर्वासित कुटुंबाचे सभागृहाच्या दारात मोठ्या उत्साहात स्वागत करण्यात आले.' या एका वाक्यात चार चुका आहेत. तारीख एकोणीस होती. अठराला बस आलीच नाही आणि आम्ही सारे वाट पाहून घरी गेलो. दारात कोणीही नव्हते, कारण दाराची किल्ली बेकरीवाल्याच्या दुसऱ्या कोटात राहिली होती आणि पाहुण्यांना मागच्या लोखंडी जिन्याने वर न्यावे लागले. उत्साहाविषयी म्हणायचे, तर आम्ही चौघे होतो आणि त्यांपैकी इलेक्ट्रिशियन बाकावर घोरत होता. आणि 'कुटुंब' हा शब्द सर्वांत चुकीचा. आल्या त्या दोघीच: शिवणकाम करणारी एक विधवा बाई आणि तिची म्हातारी सासू. बाईची अकरा वर्षांची मुलगी सीमेपलीकडच्या छावणीत मावशीजवळ राहिली आहे. जे अपुरे आहे, त्याला पूर्ण शब्द वापरू नये.

ही दुरुस्ती मी चिटणीसबाईंना वाचून दाखवली.

"काका, अहवाल आहे तो. त्यात घोरणं लिहितं का कुणी?"

घोरणे वगळता येईल, हे मी मान्य केले. तारीख वगळता येणार नाही.

५ फेब्रुवारी

कामे वाटून झाली. सभागृहावरची खोली, जिच्यात आजवर घडीच्या खुर्च्या ठेवल्या जात, ती आता रिकामी करून रंगवली आहे. परिचारिका म्हातारीच्या गुडघ्यांचे पाहणार. म्हातारीला दोन पावलांपलीकडे चालता येत नाही. बेकरीवाल्याने पाव आणि बाईसाठी एक जुने शिलाई यंत्र, दोन्ही आणले. इलेक्ट्रिशियनने हीटर बसवला आणि बटण दाबताच अख्ख्या सभागृहाचे दिवे घालवले.

भाषा आणि कागदपत्रे माझ्याकडे आली. दुसऱ्या कोणाकडे जाणार? छापखान्यात मुख्य मुद्रितशोधक म्हणून आयुष्य गेले, आणि सभेत साक्षी शुद्ध करण्याचे कामही माझेच आहे. आमच्या सभेची ही जुनी रीत: ज्याला आपला अनुभव सर्वांसमोर उभे राहून सांगायचा आहे, त्याने तो आधी एका ज्येष्ठाला सांगावा, ज्येष्ठाने त्यातले पाल्हाळ काढावे, क्रम लावावा, आणि मग ती साक्ष सभेपुढे यावी. इलेक्ट्रिशियनची साक्ष मूळची ऐकवत नव्हती. माझ्या हाताखालून गेल्यावर लोकांनी डोळे पुसले. त्याने स्वतःसुद्धा.

११ फेब्रुवारी

पुनर्वसन कार्यालयाचे पत्र आले. सुनावणी सोळा एप्रिलला. मुलीला इकडे आणण्याची परवानगी त्याच दिवशीच्या जबाबावर ठरणार. छावणी उन्हाळ्याअखेर बंद होणार असल्याचेही पत्रात आहे. नंतर तिथल्या माणसांना कुठे हलवणार, याविषयी एक शब्द नाही.

बाईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग विचारले, "बंद म्हणजे?"

मी 'बंद' या शब्दाचा अर्थ सांगितला. तिला तो ठाऊक होता, असे नंतर वाटले.

सभेला फुकट मदत करणारी वकीलबाई आली होती. तरुण आहे, बोलताना वाक्ये अर्धवट सोडते. म्हणाली, "काका, तुम्ही फक्त भाषा बघा हं. तिची हकीकत जशी आहे तशी... म्हणजे, हात नका लावू." आणि फोन आला म्हणून जिना उतरून गेली. 'जशी आहे तशी' हे मोघम आहे. हकीकत कुठल्याही आकारात नसताना ती 'जशी आहे तशी' कशी असेल?

२० फेब्रुवारी

आज तिचे सांगणे प्रथमच सलग लिहून घेण्याचा प्रयत्न केला. सलग हा शब्द मी आशेने वापरतो आहे.

"शाळा बंद झाली. मग घर सोडलं. नाही, घर आधी. शाळा मग."

"महिना कोणता?"

"थंडी."

"थंडी हा महिना नाही."

ती हसली. मग पुलाचे सांगू लागली. तो पूल सीमेवरचा. पुलाशी आली की तिची वाक्ये मोडतात. गर्दी, शिपाई, हातगाडी, पुन्हा गर्दी, पुन्हा शिपाई. तेच तेच ती दोनदा सांगते. मधेच म्हणाली, "मी ठेवलं तिला. मी ठेवून आले." मुलीविषयी कोणी असे बोलत नाही, पिशवी ठेवतात, छत्री ठेवतात. मी तिला 'गर्दीत ताटातूट झाली' हे शब्द दिले. तिने ते माझ्यामागून तीनदा म्हटले. उच्चार निर्दोष.

म्हातारी पलंगावरून सारे ऐकत होती. आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि भिंतीकडे वळली. बहुधा दमली असावी.

घरी बहिणीला सांगितले. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडे राहते आणि माझ्या सर्व कामांवर देखरेख करते.

"दादा, ती बाई आठवतेय. प्रूफ तपासत नाहीये."

मी म्हटले, "म्हणूनच कोणीतरी तपासायला हवे."

४ मार्च

आता मजकुराला क्रम आला आहे. जुनी वर्तमानपत्रे ग्रंथालयात बसून चाळली आणि तिकडे केव्हा काय घडले, यावरून प्रत्येक घटनेची तारीख बसवली. शाळा तीन सप्टेंबरला बंद. त्यानंतर दहा ऑक्टोबरला घर सोडले. एकवीस नोव्हेंबरला पूल. पुलावरची पुनरुक्ती काढली. हातगाडीही काढली, तिचा पुढे काही उपयोग होत नाही. आता कथन एका पानात मावते आणि त्यात एकही वाक्य लंगडे नाही.

चिटणीसबाईंना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "काका, तुम्ही हे लिहिलंत ना, आता ती पोरगी आलीच म्हणून समजा."

त्या सहसा माझी स्तुती करीत नाहीत.

१३ मार्च

रोज सकाळी शिकवणी. बाई यंत्रापाशी बसते, मी खिडकीजवळ. ती पडदे शिवता शिवता पाठ म्हणते. टाका संपला की वाक्य संपते. बेकरीवाल्याने सभेतल्या बायकांकडून तिला इतके काम आणून दिले आहे की, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. वर येऊन कोणीही पडदा देते आणि तासभर बसते. ती कोणालाही नाही म्हणत नाही. फार मनमिळाऊ आहे.

आज एक सुखद नोंद: पुलाचा भाग म्हणताना ती रडली नाही. गेल्या महिन्यात तिथे तिचा आवाज जाई. आता ती तो परिच्छेद संथपणे, मान ताठ ठेवून म्हणते. ही खरी प्रगती.

म्हातारी शिकवणीच्या वेळी खोलीत थांबत नाही. तिला चालवत नसताना ती भिंत धरून बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसते. मी परिचारिकेला सांगितले की, तिला तिथे गारवा लागेल. परिचारिका म्हणाली, "मी विचारलं. ती म्हणते, आत तिला ऐकवत नाही." गुडघ्यांबरोबर कानही तपासून घ्यावे, असे मी सुचवले. परिचारिकेने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले.

२७ मार्च

छावणीतून फोन आला होता. मुलीशी तिचे बोलणे झाले, पण फार थोडा वेळ. नंतर ती शिकवणीला बसली आणि मधेच थांबून म्हणाली, "मास्तर, पूल एकदाच?"

"एकदाच."

"मला वाटतं, आम्ही दोनदा गेलो."

मी तिला समजावले की, मोठ्या भीतीच्या प्रसंगी एकच गोष्ट दोनदा घडल्यासारखी वाटते. आणि अधिकाऱ्यांपुढे डळमळणे बरे नव्हे. तिने मान हलवली. मग तो परिच्छेद पहिल्यापासून म्हणून दाखवला, माझ्याच शब्दांत, एकही चूक न करता.

का कोण जाणे, आज मला झोप नीट लागेल असे वाटत नाही. सुनावणी जवळ येत आहे, हेच कारण असावे.

९ एप्रिल

वकीलबाईने फोनवर विचारले की, सुनावणीला दुभाषी हवा का. मी म्हटले, गरज नाही. अधिकाऱ्यांपेक्षाही ती शुद्ध बोलते. वकीलबाई म्हणाली, "काका, सीमेवर तिने जो पहिला जबाब दिला होता ना, त्याची प्रत मला अजून मिळाली नाहीये. तुम्ही तिला काही... तुम्ही तिचं तेच ठेवलंय ना?"

मी म्हटले, "अधिक चांगले केले आहे."

मग लाइन तुटली किंवा तिने तोडली.

१६ एप्रिल

सुनावणी झाली. मला आत सोडले नाही. निर्णय राखून ठेवला आहे.

१७ एप्रिल

काल लिहवले नाही. आज लिहितो.

कार्यालयाची मार्गिका अरुंद, भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्या. बेकरीवाला माझ्याशेजारी बसून स्वतःच्या बोटांची नखे पाहत होता. दार जाड असूनही तिचा आवाज स्पष्ट येत होता. ती उत्तम बोलली. शाळा, घर, पूल, ताटातूट; एकही तारीख चुकली नाही. माझे ओठ तिच्याबरोबर हलत आहेत, हे बेकरीवाल्याने कोपर मारल्यावर कळले.

मग अधिकाऱ्याने काहीतरी विचारले आणि ती थांबली. त्याने पुन्हा विचारले. तिने पुलाचा परिच्छेद पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा होता. वकीलबाईने सांगितले की, सीमेवरच्या जबाबात तिने पुलावर दोनदा गेल्याचे आणि मुलीला मावशीपाशी ठेवून आल्याचे सांगितले होते. आता पूल एकदा आणि मुलगी गर्दीत हरवलेली. अधिकाऱ्याने विचारले, यातले खरे कोणते. आणि शेरा लिहिला: 'निवेदन पाठ केलेले वाटते. मुलीशी नाते संशयास्पद.' लेखी खुलाशासाठी तीस एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे.

पहिला जबाब घेणाऱ्याने निष्काळजीपणे लिहिले असले पाहिजे. सीमेवर कोणाला भाषेची पर्वा असते?

१९ एप्रिल

वकीलबाई घरी आली. चहा घेतला नाही.

"काका, दोनदाचं एकदा कुणी केलं?"

"ती पुनरुक्ती होती."

"पुनरुक्ती नव्हती हो! दोनदाच गेल्या त्या. दोन वेगवेगळ्या दिवशी. तुम्ही एक अख्खा दिवस खोडलात."

मी सांगू लागलो की, आमच्या सभेत साक्ष शुद्ध करण्याची रीत आहे. ती मधेच म्हणाली, "तुमच्या सभेत कुणाची लेक अडकलेली नसते."

ती गेल्यावर बहीण बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आली ती एवढेच म्हणाली, "वर जा, दादा. तिला विचार. आणि या खेपेला पेन नेऊ नकोस."

२० एप्रिल

वर गेलो. ती कोणाचातरी पडदा उसवत होती. माप चुकले होते. म्हातारी मला पाहून उठू लागली, जिन्याकडे जायला. बाईने तिचा हात धरून तिला खाली बसवले.

मी विचारले, "पूल एकदाच नव्हता, हे मला का सांगितले नाहीस?"

"सांगितलं, मास्तर."

खरे आहे. सांगितले होते. माझ्याच वहीत सत्तावीस मार्चला लिहून ठेवले आहे.

"मग पुन्हा का नाही सांगितलेस? मी चुकतो आहे म्हणून का नाही म्हणालीस?"

तिने पडद्यातला दोरा ओढून काढला. "तुमचं चांगलं होतं. माझं फाटकं. मला वाटलं, इथे चांगलं लागतं." मग थोड्या वेळाने, "खोली तुमची. पाव तुमचा. यंत्र तुमचं. हकीकत पण तुम्ही देता, तर मी नाही कशी म्हणू?"



मी जिना उतरलो. खाली दोन बायका पडदे घेऊन वर जायला निघाल्या होत्या. मी त्यांना परत पाठवले आणि सांगितले की, यापुढे दार वाजवून, ती ये म्हणाली तरच आत जावे. "काय झालं काका, आजारी आहे का ती?" मी म्हटले, "नाही. तिचे घर आहे."

२३ एप्रिल

सभेची बैठक. चिटणीसबाईंचा प्रस्ताव: सर्वांच्या सह्यांचे प्रशस्तिपत्र कार्यालयाला पाठवावे की, ही बाई सत्यवचनी आहे. मसुदा अर्थात मी करावा.

मी उभा राहिलो आणि म्हणालो की, मसुद्याऐवजी खुलासा पाठवायला हवा, आणि त्यात लिहायला हवे की तिच्या जबाबातल्या तारखा माझ्या आहेत, खोडलेला दिवस मी खोडला आहे, आणि साक्ष अशी घडवणे ही आमची रीत आहे.

कुजबुज सुरू झाली. सभेचे उपदेशक शांत स्वभावाचे आहेत, पण त्यांचाही आवाज चढला. "याचा अर्थ कळतो का तुम्हाला? तिला शिकवून पाठवलं असं होईल. पुढच्या कुटुंबाला आपल्याकडे ठेवतील का ते?"

वकीलबाई मागे बसली होती. तिने सांगितले की, तसे होऊ शकते. कार्यालय सभेचे नाव यादीतून काढू शकते. खुलासा मानलाच जाईल, याचीही हमी नाही.

"मग दोन्हीकडून जाणार?" चिटणीसबाई म्हणाल्या.

तेव्हा इलेक्ट्रिशियन उठला. त्याला सभेत बोलायला आवडत नाही. "माझ्या साक्षीत माझा भाऊ होता," तो म्हणाला. "काकांनी काढला. म्हणाले, विषयांतर होतं. साक्ष छान झाली, लोक रडले. मी पण रडलो, पण भावासाठी. तो त्यात नव्हता म्हणून."

मला ते वाक्य आठवत होते. भावाचे. ते खरेच विषयांतर होते, असे मला आजही वाटते. आणि ते काढायला नको होते, असेही.

उपदेशक शेवटी म्हणाले, "आधी तिला विचारा. तिची परवानगी असेल तरच पाठवा. आणि आपल्या नावाचं काय व्हायचं ते होऊ दे."

चिटणीसबाईंनी इतिवृत्तात हे कसे लिहिले, ते मी तपासले नाही.

२६ एप्रिल

ती हो म्हणाली. दुभाषी आणला, औषधांच्या दुकानात काम करतो, तिच्याच मुलखाचा आहे. वकीलबाई लिहायला बसली. मी फक्त ऐकायला.

आपल्या भाषेत बोलताना ती निराळीच बाई आहे. हात हलतात, आवाज चढतो, एकदा तर शिपायाची नक्कल केली आणि म्हातारी हसली. पुलाशी आल्यावर मात्र तिची वाक्ये तशीच मोडली, जशी फेब्रुवारीत मोडली होती. मी ज्याला भाषेची अडचण समजलो, ती भाषेची नव्हती.

पहिल्या दिवशी तिघी गेल्या. म्हातारी हातगाडीवर, मुलगी बोट धरून. शिपायांनी परत फिरवले. माघारी येताना रेटारेटीत मुलगी पडली आणि एका गाडीचे चाक तिच्या पायावरून गेले. दुसऱ्या खेपेला चालू न शकणाऱ्या दोघी होत्या आणि हातगाडी एकीपुरतीच.

इथे म्हातारी बोलू लागली. दुभाषी म्हणाला, "आजी म्हणतायत, मी म्हटलं होतं मला ठेव. म्हणतायत, हरवली असं ऐकून दरवेळी वाटायचं, माझी लाज झाकायला सांगतायत."

म्हणजे आठवडेच्या आठवडे ती त्या थंड लोखंडी जिन्यावर माझ्या परिच्छेदामुळे बसत होती. मी तिचे कान तपासायला सांगितले होते.

२८ एप्रिल

उद्या खुलासा कार्यालयात द्यायचा. त्याबरोबर माझे निवेदन जोडले आहे. वकीलबाईने वाचले आणि म्हणाली, "भाषा जरा साधी करता का?" केली. कार्यालय काय म्हणेल, कोणालाच सांगता येत नाही. बाईने मला विचारले, "मास्तर, आता येईल?" मला माहीत नाही, असे मी म्हटले. या घरात मी तिला दिलेले हे पहिलेच उत्तर, ज्यात मी काही भर घातली नाही.

निवेदनातील तारखांची दुरुस्ती येथे उतरवून ठेवतो.

घर सोडले. माझ्या मजकुरात: दहा ऑक्टोबर, शाळा बंद झाल्यानंतर. तिच्या सांगण्यानुसार: शाळेच्या आधी. तारीख आठवत नाही. मुलीला नवे बूट घेतले त्या आठवड्यात.

शाळा बंद झाली. माझ्या मजकुरात: तीन सप्टेंबर. ही तारीख मी वर्तमानपत्रातून घेतली. ती राजधानीतल्या शाळांची आहे. तिच्या सांगण्यानुसार: पटांगणात लष्करी गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा. मुलगी त्या वेळी मावशीच्या घरून शाळेत जात होती.

पुलावर पहिल्यांदा. माझ्या मजकुरात: नाही. तिच्या सांगण्यानुसार: थंडीत, धुके असताना. तिघी.

पुलावर दुसऱ्यांदा. माझ्या मजकुरात: एकवीस नोव्हेंबर, मुलीशी ताटातूट. तारीख आणि शब्द दोन्ही माझे, दोन्ही रद्द. तिच्या सांगण्यानुसार: मुलगी म्हणाली, आजीला आधी ने. मी तिला बहिणीपाशी ठेवले. उद्या न्यायला येते म्हणाले.

पूल बंद झाला. माझ्या मजकुरात: उल्लेख नाही. तिच्या सांगण्यानुसार: त्याच संध्याकाळी.

मुलीला न्यायला जाण्याचा दिवस. तारीख: अजून नाही.